सतरा पानांवरची पूर्ण सही

ताई, आज पहाटे तू परत ओरडलीस माझ्यावर. "भिंतीतून काय घुसतोस रे विलास? दारातून ये की!"

आणि मी खरंच भिंतीत उभा होतो. पाथर्डी शिवारातला तुझा एक गुंठ्याचा प्लॉट, भुसभुशीत काळी माती, तिच्यावर फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषा. ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर, ही मोरी. तू स्वयंपाकघराच्या रेषांच्या आत उभी होतीस, पदर खोचलेला, आणि हातात चक्क उलथनं. पलीकडे लेण्यांचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला. मी घाईघाईने पाय उचलला, रेषेबाहेर आलो आणि दार शोधायला लागलो. चारही बाजूंनी फिरलो, दार काही सापडेना. तू आतून हसत होतीस. मग जाग आली. लता चहाचा कप घेऊन उशाशी उभी होती. म्हणाली, "कुणाला विचारताय, दार कुठंय म्हणून?" मी म्हटलं, कुणाला नाही.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. काल समाजमंदिरात तुझा जलदान विधी झाला. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलला. तुझ्या दवाखान्यातल्या सिस्टर बोलल्या, कॉलनीतल्या बायका बोलल्या, रडल्या. प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेलं होतं, "एका सहीपायी ताईंनी फार सोसलं." सही कुणासाठी केली, ते मात्र कुणी काढलं नाही. वाक्य संपलं की माझ्याकडे सोडून सगळीकडे बघायचे, पंख्याकडे, सतरंजीकडे, तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्त्यांकडे. शेवटी माझं नाव पुकारलं. मी उठलो, माइक हातात घेतला, "जयभीम" म्हटलं आणि खाली बसलो. एवढंच! "तुला तोंड दिलंय का कर्णा?" असं तू ज्याला आयुष्यभर विचारलंस, तो मी.

म्हणून हे लिहितोय. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. मध्ये बोलू नकोस.

बाबा लासलगावच्या मार्केटात हमाल होते. पगार घेताना रजिस्टरवर अंगठा उठवायचे. त्या जांभळ्या शाईचा त्यांना भारी राग. घरी आले की जेवायच्या आधी दगडाने अंगठा घासायचे, लाल होईपर्यंत. चाळिशीत ते सही शिकले, आणि तीही तुझ्याकडून. तू चौथीत होतीस. तू पाटीवर गिरवायला काढून द्यायचीस आणि त्यांच्या त्या पोती उचलणाऱ्या हातात पेन्सिल मोडायची. ज्या दिवशी त्यांनी रजिस्टरवर 'पुंडलिक सखाराम गांगुर्डे' असं पहिल्यांदा लिहिलं, त्या दिवशी आपल्या घरी जिलबी आली होती. मी लहान होतो, मला सही म्हणजे जिलबी असंच वाटायचं.

तेव्हापासून घरात कायदाच झाला. "सही पुरी करायची. नुस्ता कोंबडा काढायचा नाय. बापाचं नाव खाल्लं तर याद राखा!" कुणी साक्षीदार म्हणून सही मागायला आलं की बाबा आत जाऊन शर्ट बदलून यायचे, आई चहा टाकायची. दुसऱ्यांच्या घरात लोक सहीला भितात, आपल्या घरात सही मागणं म्हणजे मान देणं होतं. आणि मान देणाऱ्यासमोर कागद वाचत बसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. बाबांनी एकही कागद वाचून सही केली नसेल. त्यांना तेवढं वाचता येत नव्हतं, हे एक झालं. पण आपल्याला तर येत होतं ना! तरी आपणही तेच केलं.

मी मात्र धंद्यात पडल्यावर कोंबडा काढायला लागलो. अंबडला शेड घेतली, पुठ्ठ्याची खोकी करायचं मशिन टाकलं. पिंपळगावच्या पॅकहाऊसना द्राक्षांची खोकी पुरवायची. हंगामात चलनांचे गठ्ठे सह्या करून संपायचे नाहीत, तिथं बापाचं नाव कोण लिहीत बसतो? तू एकदा चलन हातात घेऊन बघितलंस आणि म्हणालीस, "हे काय, पाल पडलीय का कागदावर?" पहिल्या वर्षी तू ड्यूटी संपली की यायचीस. कोऱ्या पुठ्ठ्याचा वास तुला आवडायचा. खोक्यांच्या थप्प्यांवर छापलेल्या द्राक्षांच्या घडांमधून तू अशी फिरायचीस जशी काही बागेत आलीयस. आणि जाताना मशिनला उलटा हात लावून बघायचीस, पेशंटचा ताप बघतात तसा. "तापलंय बाबा चांगलं," म्हणायचीस, आणि खूश होऊन निघायचीस. रंगनाथ, आपला मशिनवाला, तुझ्या मागून हसायचा.

पुढे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बुडालं. त्याचं पॅकहाऊस बंद पडलं, त्याच्याकडे माझे अडकले, माझ्याकडे पुठ्ठावाल्याचे. पुठ्ठा यायचा थांबला आणि मशिन बंद पडलं. तीन आठवडे झाले, रंगनाथ नुसता फडक्याने मशिन पुसत बसायचा. त्याच वेळी बँक म्हणाली, वाढीव कर्ज देतो, पण पगारदार जामीनदार आणा. लता आधीपासून सहकर्जदार होतीच, तिच्याकडे द्यायला आणखी काही उरलं नव्हतं. मी तुझ्याकडे आलो. तू विचारलंस, "काम कसं चाललंय?" मी म्हटलं, "जोरात."

ताई, मला तेव्हा माहीत होतं. हेच मला काल माइकवर सांगायचं होतं. धंदा बुडालाय, नवं कर्ज जुन्याच्या खड्ड्यात जाणार, आणि खाली तुझं नाव येणार, हे मला त्या दिवशी लख्ख माहीत होतं. आशा होती वगैरे मी नंतर लोकांना सांगितलं, लतालाही सांगितलं. खोटं. आशा नव्हती. नुसता जीव घाबरला होता.

बँकेतली ती दुपार मला अजून स्वप्नासारखी दिसते, सगळं सावकाश. तू इस्त्रीची साडी नेसून आली होतीस, बाबा शर्ट बदलायचे तशी. समोर सतरा पानं. साहेब म्हणाला, "मॅडम, शॉर्ट सही चालेल." तू म्हणालीस, "मला नाही चालत." आणि तू लिहायला लागलीस, सुमन पुंडलिक गांगुर्डे. लग्नानंतरही नोकरीच्या कागदांवर तू बापाचंच नाव ठेवलं होतंस. एक पान झालं, दुसरं झालं. पंख्याचा वारा आला की पान उडायचं, तू डाव्या हाताने दाबून धरायचीस. प्रत्येक पानाला मला वाटायचं, आता म्हणावं, ताई, थांब. नवव्या पानाला तू पेन खाली ठेवलंस, बोटं मोडलीस, आणि माझ्याकडे बघितलंस. "पाणी हवंय का रे?" मी म्हटलं, "नको." तू जरा वेळ तशीच बघत राहिलीस. मग पेन उचललंस आणि दहावं पान घेतलंस.

पुढचं कॉलनीला पाठ आहे. आठ महिन्यांत शेडला टाळं लागलं. मी कोर्टात नादारीचा अर्ज केला. मशिन गेलं, लताचे दागिने गेले. बऱ्याच तारखांनंतर कोर्टाने मला मोकळं केलं, त्या दिवशी मी थेट तुझ्याकडे आलो आणि जिन्यातूनच ओरडलो, "ताई, सुटलो आपण!" तू शिरा केलास, बेदाणे घालून. आपण तिघांनी, तू, मी आणि तुझ्या प्रज्ञाने, कढईतूनच खाल्ला. पुढच्या महिन्यात तुझ्या नावाने बँकेचं पत्र आलं.

आपण दोघं गेलो बँकेत. मी पत्र टेबलावर आपटलं. "अहो, कोर्टाने मला सोडलंय, मग ही नोटीस कसली?" तो पोरगेला साहेब अगदी आदबीने तुझ्याकडे वळला. "नादार हे झालेत, मॅडम. तुम्ही नाही झालात. यांची सुटका यांच्यापुरती. जामीनदाराला ती लागू होत नाही." मी भांडायला लागलो, असला कसला कायदा, बुडालो मी आणि पकडता हिला! खरं तर कायद्यात काही लपवलेलं नव्हतं. त्या सतरा पानांत तेच लिहिलेलं होतं, आपल्या घराण्याच्या रीतीने आपण वाचलं नव्हतं इतकंच. तू माझा शर्ट ओढलास. "चल आता. भूक लागलीय मला."

तुझ्या पगारातून दरमहा कापायला लागले. मग प्लॉट विकलास. लताने शिलाई मशिनसाठी साधं छोटं कर्ज मागितलं तर खिडकीवरच्या माणसाने तिचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि अर्ज परत सरकवला. बिचारी घरी येऊन म्हणाली, "मी काय केलं हो?" आणि प्रज्ञा. पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता पोरीचा. दाजी तर कधीच गेलेले, शिक्षणकर्जाला आईचीच सही लागणार, आणि आईचं नाव थकबाकीत. अर्ज तिथंच पडला. ती नाशकातच बीएस्सी झाली, सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेत. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. तिचं एकच म्हणणं, मामाने माझ्या भोळ्या आईला गंडवलं. तू तिला गप्प करायचीस. मी खाली बघायचो.

आणि तू? अगं एकदा तरी ओरडायचं होतंस! कशावरून ओरडायचीस तर चपला दारात आडव्या काढल्या म्हणून. मी मुद्दाम विषय काढायचो, "माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं," तर तू म्हणायचीस, "शेवग्याच्या शेंगा आणल्यात, भाजी करू का आमटी?" मला चीड यायची. माणूस शिवी खायला तयार होऊन येतो आणि त्याला आमटी वाढायची, ही काय पद्धत झाली?

पण गंमत बघ, प्लॉट विकला आणि आपलं घर खरं वाढायला लागलं. रविवारी दुपारी तुझ्या त्या उपनगरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत जेवणं झाली की तू भिंतीला टेकायचीस आणि म्हणायचीस, "विलास, जिना आतून घ्यायचा का बाहेरून?" आधी वाटलं, हिला काही झालं की काय. मग मीही रमलो. फक्कीच्या रेषा तर तीन खोल्यांच्याच होत्या, पण बोलता बोलता वरचा मजला चढला, गच्ची झाली, गच्चीवर पापड वाळायला लागले. शेवगा एवढा वाढला की त्याची फांदी तुझ्या खिडकीत यायला लागली. वरची एक खोली तू मला आणि लताला दिलीस. मी म्हटलं, भाडं किती? म्हणालीस, "तुझ्याकडून भाडं? तू तर सरकारी कागदावरचा नादार!" आणि अशी हसलीस की उशी तोंडावर धरावी लागली. मीही हसलो. त्या शब्दावर हसता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

भांडण एकच राहिलं, स्वयंपाकघराच्या खिडकीचं. तुला ती लेण्यांच्या डोंगराकडे हवी होती. मी म्हणायचो, अगं तिकडून दुपारचं ऊन सरळ ओट्यावर येईल, भाजून निघशील, पूर्वेला घे. किती वर्षं भांडलो आपण नसलेल्या भिंतीतल्या खिडकीवरून! शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोपलीयस. मी मनाशी ठरवलं, आता सांगायचं, झोपेत का होईना. तोंड उघडलं, तर तूच म्हणालीस, "खिडकीचं काय ठरलं?" मी म्हटलं, "बघू." तेवढ्यात नवी सिस्टर सलाईन बघायला आली आणि तू डोळे उघडून तिला पट्टी कशी चिकटवायची ते शिकवायला लागलीस. ते राहिलं ते राहिलंच.

आता कालचं ऐक. जेवणं उरकल्यावर रंगनाथ माझ्याजवळ येऊन बसला. आता थकलाय, केस पार पांढरे. म्हणाला, "मालक, ताई लय मोठ्या मनाच्या. तुमी सही घेतली ना, त्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात आल्या होत्या."

मी म्हटलं, "कोण आलं होतं?"

"ताई. तुमी बाहेर गेले होते. आल्या, मशिनला असा उलटा हात लावला. गार होतं. मला विचारलं, कधीपासून? मी काय खोटं बोलू त्यांच्याशी? म्हटलं, तीन आठवडे झाले. म्हणल्या, बरं. मी आले होते ते त्याला सांगू नको." आणि मग म्हणाला, "आता त्याच नाय राहिल्या, म्हणून सांगितलं."

खरं सांगू का ताई? आधी मला तुझा भयंकर राग आला. तिथंच, तुझ्या फोटोसमोर. तुला माहीत होतं तर का केलीस सही? दोन कानाखाली वाजवायच्या होत्यास, सतरा पानं साहेबाच्या तोंडावर फेकायची होतीस! तुझा प्लॉट, पोरीचं पुणं, सगळं त्या गार मशिनपायी घालवलंस, आणि मला मात्र इतकी वर्षं चोरासारखं फिरू दिलंस. मी उठून बाहेर गेलो. नळावर तोंड धुतलं. आणि तोंड धुता धुता मला ते नववं पान आठवलं. तू पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होतीस ते. तू पाणी विचारत नव्हतीस गं. तू वाट बघत होतीस. मी कधी म्हणतोय, ताई, मशिन बंद आहे. तेवढं म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस? कदाचित तरीही सही केली असतीस, तुझा काय भरवसा. पण मग ती आपण दोघांनी मिळून केली असती. मी नऊ पानं गप्प बसलो. नंतरची आठही गप्प बसलो. आणि तू प्रत्येक पानावर बापाचं नाव पूर्ण लिहून मला वेळ देत राहिलीस. त्यापुढेही देत राहिलीस, दर रविवारी.

मी आत आलो. प्रज्ञा सतरंज्यांच्या घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं. म्हटलं, "प्रज्ञा, तुझ्या आईची सही घेतली तेव्हा कारखाना बंद होता. मला सगळं माहीत होतं. मी तिच्याशी खोटं बोललो."

ती घडी घालत राहिली. मी म्हटलं, "आणि तिलाही माहीत होतं. आदल्या दिवशी जाऊन बघून आली होती. रंगनाथला विचार."

तिचे हात थांबले. ती तुझ्या फोटोकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे आई भोळी नव्हती."

"नव्हती."

"तिनं ठरवून केलं."

"हो."

"पण मामा, तू फसवायला निघाला होतास, ते निघाला होतासच."

मी म्हटलं, "हो."

तिने माझ्या हातातलं टोक घेतलं, घडी पूर्ण केली, डोळे पुसले आणि म्हणाली, "ती दुसरी धर." मग आम्ही दोघांनी सगळ्या सतरंज्यांच्या घड्या घातल्या. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही माफी मागितली नाही. पण निघताना म्हणाली, "रविवारी येत जा. आईची ती घराची बडबड मला नीट ऐकायचीय. मी आतल्या खोलीत शिकवणी घ्यायचे ना, तेव्हा अर्धवटच कानावर यायची."

आज पहाटेच्या त्या स्वप्नानंतर मला घरात बसवेना. चहा प्यायलो आणि पाथर्डीला गेलो. तुझ्या प्लॉटवर आता तीन मजली बिल्डिंग आहे, खाली पार्किंग. लेण्यांचा डोंगर मात्र स्वप्नातल्यासारखाच, अर्धा धुक्यात. मी डोंगराकडे बघून जागेचा अंदाज घेतला, पावलं टाकत गेलो. ही बैठकीची खोली, तिथं एक स्कूटर लावलेली. ही मोरी, तिथं पाण्याची मोटर. मग उलटा बाहेर आलो, रस्त्यापर्यंत, आणि दार जिथं होतं तिथून आत शिरलो. वॉचमन धावत आला. "कुणाकडं जायचंय?"

मी म्हटलं, "बहिणीकडे."

"कितवा मजला?"

म्हटलं, "खालीच. स्वयंपाकघरात असेल." त्याने माझ्याकडे बघितलं आणि का कोण जाणे, बाजूला झाला. म्हातारा माणूस, रडतोय, म्हणून असेल.

तर ताई, आलो दारातून. खिडकी डोंगराकडेच ठेव. ऊन आलं तर येऊ दे, मी पडदा आणून देतो. आणि जे बँकेत सतरा पानांत म्हटलं नाही ते आता म्हणतो. ताई, थांब. सही करू नकोस. मशिन बंद आहे, तीन आठवडे झाले. मी बुडालोय आणि मला भीती वाटतेय.

हे मी आधी सगळं परत वाचून काढलं, एकेक ओळ. आता खाली सही करतो. कोंबडा नाही काढत.

विलास पुंडलिक गांगुर्डे